नाताळ, नम्रता आणि विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरकडच्या एका लहानशा मंडळीत मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते. डिसेंबर लागला की प्रश्न सुरू होतात. काही पोरांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे आणि काही शेजारच्या काकूंचे, ज्या दरवर्षी चांदणी लावायला शिडी धरतात आणि धरता धरता विचारतात, "पण गोठ्यातच का गं?" उत्तरं देताना आधार शास्त्राचा घेतला आहे. समज माझी आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सिरियन अशा प्रत्येक परंपरेत थोडाफार फरक असतो, तो तुमच्या पाळकांना किंवा फादरांना जरूर विचारा.

"नाताळ" हा शब्द कुठून आला?

पोर्तुगीज "नाताल"वरून. लॅटिनमध्ये त्याचं मूळ जन्म या अर्थाच्या शब्दात आहे. गोवा आणि वसईच्या किनाऱ्यावरून तो मराठीत आला आणि इतका मुरला की आता परका वाटत नाही. नाताळ म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. यापेक्षा जास्त व्याख्या मी मुलांना सांगत नाही, कारण बाकीचं सगळं त्या जन्माच्या गोष्टीतच आहे.

येशूचा जन्म खरंच २५ डिसेंबरला झाला का?

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार पुस्तकांत, तारीख दिलेली नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची सगळ्यांत जुनी नोंद इ. स. ३३६ची आहे. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला जन्मोत्सव करते. रशियासारख्या देशांतल्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुनं ज्युलियन पंचांग पाळतात, ते आपल्या पंचांगाच्या १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो.

सालाचंही तसंच. डायोनिसियस नावाच्या एका मठवासीयाने सहाव्या शतकात इसवी सनाची गणना बसवली, त्यात काही वर्षांची चूक राहिली. हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि येशू तर त्याच्या कारकिर्दीत जन्मला. म्हणजे जन्म त्याच्याही आधीचा.

हे सांगितलं की काही जणांचा चेहरा पडतो. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. माझ्या आजीचीही जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती. "मोठ्या दुष्काळानंतरच्या सुगीत" एवढंच घरात सांगत. गरिबाघरच्या लेकराच्या जन्माची नोंद अशीच राहते. येशूची तारीख कुणी टिपून ठेवली नाही, यातूनसुद्धा तो कोणत्या घरात आला ते कळतं.

देवाने पुत्र पाठवायचाच होता, तर गव्हाणीत का?

हा काकूंचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात गोष्ट अगदी थोडक्यात येते. रोमच्या कैसर औगुस्ताने नावनिशी लिहून घेण्याचा हुकूम काढला. योसेफ गरोदर मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला. तिथे तिचे दिवस भरले. तिने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. संपलं. बैल नाही, गाढव नाही, चांदण्यांचा लखलखाट नाही. बैल आणि गाढव आपल्या देखाव्यात आले ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. तिथे म्हटलं आहे की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची दावण कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही.

शहरात वाढलेल्या मुलांनी गव्हाण पाहिलेली नसते. त्यांना ती लाकडाची सुबक खाट वाटते, वर पिवळं गवत आणि आत चकचकीत बाहुली. आमच्या मामाच्या गावी गव्हाण होती, दगडमातीची. तिची पुढची कड बैलांच्या माना आणि जिभा लागून लागून गुळगुळीत झालेली, काळपट आणि सतत किंचित ओलसर. कडब्याचे तुकडे, पेंडीचा वास, गोमाशा. मी सात-आठ वर्षांची असताना आजीने मला तिथे नेलं, माझा हात त्या कडेवर ठेवला आणि म्हणाली, "इथं ठेवला होता त्याला." मी हात झटकन मागे घेतला, बैलाची लाळ लागली होती. आजीने मला रागावलं नाही. तिने स्वतःचा हात तिथेच राहू दिला.

"गव्हाणीत का" याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, शब्दांत मांडायला पुढे बरीच वर्षं लागली. देवाला माणसाजवळ यायचं होतं. त्यासाठी त्याने अशी जागा घेतली की तिथे हात लावायला कुणाची परवानगी लागू नये. पाळण्यापाशी पहारेकरी असतो. गव्हाणीपाशी कुणीही जाऊ शकतं.

आणखी एक. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ "भाकरीचं घर". जो पुढे "जीवनाची भाकर मीच आहे" असं म्हणणार होता, तो भाकरीच्या घरात जन्मला आणि जनावरांच्या चाऱ्याच्या जागी निजला.

म्हणजे बेथलेहेमच्या लोकांनी त्यांना हाकलून दिलं?

नाटुकल्यांत एक खाष्ट सरायवाला हमखास असतो. शास्त्रात तो नाही. आपल्या मराठी बायबलात "उतारशाळा" असं आलं आहे, पण लूकने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो. शेवटच्या भोजनाच्या माडीवरच्या खोलीसाठी त्याने तोच शब्द वापरला आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी सराय आहे, तिथे त्याचा शब्द वेगळा आहे. त्या काळी यहूदियातल्या साध्या घरांत माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली असत, जनावरं खालच्या बाजूला आणि माणसं चार पायऱ्या वर. आपल्याकडच्या जुन्या घरांतही बैल ओसरीलगत बांधलेले असायचे, हे पाहिलेल्याला त्याचं नवल वाटणार नाही.

त्यामुळे अनेक अभ्यासकांना वाटतं की घर नातलगांचं असावं, पाहुण्यांची खोली आधीच भरलेली असावी आणि बाळंतिणीची सोय जनावरांच्या बाजूला झाली असावी. मला हे पटतं. आणि पटलं की गोष्ट जास्त बोचते. दार कुणी आपटलं नाही, सगळे आपापल्या गडबडीत होते एवढंच. आपल्या घरी नाताळात येशूला जागा उरत नाही तीही अशीच. कुणी मुद्दाम करत नाही. फराळ, कपडे, पाहुणे आणि रंगकाम यांत खोली भरून जाते.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं का?

नाही. आमच्यात एक सवय आहे. कुणी गाणं छान म्हटलं म्हणून कौतुक केलं की लगेच "छे छे, मला कुठं येतं" म्हणायचं. त्याला आपण नम्रता समजतो. पण त्या क्षणीही माझं सगळं लक्ष माझ्यावरच असतं. मी मोठी की लहान, हा हिशेब चालूच राहतो.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या बायबलातल्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते पद धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं, असं तो लिहितो. "रिक्त केलं" हा शब्द माझ्या मनात घर करून आहे. भांडं रिकामं केलं म्हणजे ते फुटकं ठरत नाही. त्यात दुसऱ्यासाठी काही घालता येतं. आपण कोण आहोत हे येशूला पक्कं ठाऊक होतं. योहानाने तेराव्या अध्यायात तसं स्पष्ट लिहिलं आहे: आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार हे ओळखून तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. आपण कुणाचे आहोत हे ज्याला कळलं, त्याला खाली बसायला लाज वाटत नाही.

आमच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या वाकायला लावलं. आम्हाला आणखी नम्रता काय शिकवता?

एका तरुणाने हा प्रश्न मला नाताळच्या सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारला होता. त्याचा राग खरा होता आणि प्रश्न माझ्याही घरचा आहे. आमच्यातल्या पुष्कळ कुटुंबांची मुळं गावकुसाबाहेरची. माझे पणजोबा येसकरकी, म्हणजे गावच्या वेशीची राखण, करत. वाटेत पाटील दिसला की बाजूला होऊन, वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं. १८३१ साली अमेरिकन मिशन नगरला आलं, त्यानंतर काही दशकांनी आमचं घर ख्रिस्ती झालं. प्रार्थनेच्या सतरंजीवर सगळ्यांच्या शेजारी बसायचं, याचीच पणजोबांना आधी भीती वाटली होती, असं घरात सांगतात. मंडळीतही जात लगेच गेली नाही, अजून पुरती गेलेली नाही, हेही सांगायला हवं.

म्हणून या प्रश्नाला मी मरीयेच्या गीतापासून सुरुवात करते. लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. खेड्यातली एक साधी मुलगी, पोटात बाळ, आणि ती गाते की देवाने अधिपतींना आसनांवरून खाली ओढलं आणि दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकामं लावून दिलं. आपल्या "दीनावस्थे"कडे देवाने पाहिलं असं ती म्हणते, पण तिथेच पडून राहा असं देव तिला सांगत नाही.

मग लूकचाच तेरावा अध्याय. अठरा वर्षं कुबडी झालेली, सरळ उभं राहता न येणारी बाई सभास्थानात येते. येशू तिला जवळ बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती तत्क्षणी ताठ उभी राहते. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी हे केलं म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावतो. येशू त्याला विचारतो, शब्बाथाला तुम्ही आपला बैल, आपलं गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? पुन्हा तीच गव्हाण! जनावराला सोडता, मग या अब्राहामाच्या लेकीला बंधनातून सोडवायचं नाही?

ज्याला दुसऱ्याने वाकवलं त्याचं वाकणं नम्रता नव्हे, ती त्याच्यावर झालेली जबरदस्ती. येशू अशा माणसाला सरळ करतो. आणि ज्याची मान ताठ आहे, ज्याच्याकडे जागा, पैसा, शिक्षण, अधिकार आहे, त्याला खाली यायला सांगतो. दोघांना एकच उपदेश केला तर तो अन्याय होईल. मंडळीतल्या एखाद्या विधवेला, सुनेला, सफाई करणाऱ्या भावाला कुणी "नम्र राहा" म्हणून गप्प बसवत असेल, तर तो नाताळचा संदेश नाही, एवढं मी ठामपणे सांगते. त्या तरुणाने त्या वर्षीच्या कार्यक्रमात मरीयेचं गीत वाचलं. आवाज चढवून वाचलं. तसंच वाचायला हवं.

बेथलेहेमच्या चर्चचं दार मुद्दाम बुटकं ठेवलं आहे, हे खरं का?

खरं आहे. येशूच्या जन्माची म्हणून जी गुहा दाखवतात, तिच्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, चौथ्या शतकात पहिलं चर्च उभं राहिलं. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात ते नव्याने बांधलं गेलं आणि तेच बऱ्याच अंशी आजही उभं आहे. २०१२ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. आत शिरायचं मुख्य दार जेमतेम चार फूट उंच आहे. त्याला "नम्रतेचं दार" म्हणतात.

पण सुरुवातीला हेतू नम्रतेचा नव्हता. भिंतीकडे नीट पाहिलं तर बुजवलेल्या मोठ्या दाराची तुळई आणि क्रूसयुद्धांच्या काळातली टोकदार कमान अजून दिसते. दार टप्प्याटप्प्याने लहान केलं गेलं, घोडे आणि गाड्या आत घुसू नयेत म्हणून. भीतीपोटी झालेली गोष्ट, लोकांनी तिला असा अर्थ दिला. देवाच्या कामाची अशी पद्धत मी आयुष्यात इतरत्रही पाहिली आहे.

आमच्या मंडळीतून यात्रेला गेलेल्या एका मावशींचे गुडघे दुखतात. त्यांनी सांगितलं, "वाकता येईना, म्हणून मी बसले आणि बसत बसत आत सरकले. मागचा परदेशी साहेब पण मग बसला." गुहेत खाली संगमरवरी फरशीत चौदा टोकांची चांदीची चांदणी आहे. तिला हात लावायचा तर गुडघ्यांवरच यावं लागतं, राजा असो की मावशी.

पहिली बातमी मेंढपाळांनाच का?

दिवाळीनंतर आमच्याकडे धनगरांचे कळप उतरतात. शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. रात्री बाप्ये घोंगडी पांघरून कळपाच्या कडेला पडतात, झोप अर्धीच, कान लांडग्याकडे. लूकने वर्णन केलेले मेंढपाळ मला अगदी तसेच दिसतात. गावात त्यांना घर नाही, सणावाराला सुट्टी नाही.

देवदूताने त्यांना जी खूण दिली ती लक्षात घ्या: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजलेलं बाळ. राजवाड्याचा पत्ता दिला असता तर त्यांना वेशीवरच अडवलं असतं. गव्हाण कुठे असते ते त्यांना ठाऊक होतं.

बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक तीन होते ना?

मत्तयने संख्या सांगितलेली नाही. देणग्या तीन आहेत: सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून तीन माणसं धरली गेली. ते राजे होते असंही तो म्हणत नाही, पूर्वेकडचे ज्ञानी एवढंच म्हणतो. शिवाय ते पोहोचले तेव्हा बाळ "घरात" होतं, म्हणजे मेंढपाळांबरोबर त्यांना एकाच रात्री उभं करणं ही देखाव्याची सोय आहे. देखाव्यात ठेवायला काही हरकत नाही.

विश्वास असला की शंका येत नाहीत का?

मरीयेने देवदूताला पहिल्यांदा काय म्हटलं? "हे कसे होईल?" प्रश्न आधी आला, "मी प्रभूची दासी आहे" हे नंतर. देवाने प्रश्नाला उत्तर दिलं, तिला दटावलं नाही.

योसेफाकडे तर मला वारंवार जावंसं वाटतं. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही. वाग्दत्त वधू गरोदर आहे हे कळल्यावर त्याने तिला गुपचूप सोडायचं ठरवलं होतं, तिची अब्रू जाऊ नये म्हणून. मग स्वप्न पडतं आणि तो उठून सांगितलं ते करतो. पुढे पुन्हा स्वप्न, पुन्हा उठतो, रातोरात बायकोमुलाला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, निघतो. त्याला सगळं कळलं होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढचं एक पाऊल कळत होतं, ते तो टाकत होता. मला विश्वासाचा अर्थ असा समजतो. मुलाच्या दहावीच्या वर्षी नोकरी गेलेला बाप सकाळी उठून, आंघोळ करून, अर्ज घेऊन बाहेर पडतो. त्याला कुणी भक्त म्हणणार नाही, पण योसेफ त्याला ओळखेल.

आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाची प्रार्थना आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एकाच वाक्यात. येशूने ती प्रार्थना ऐकली.

मराठी मातीत अशी नम्रता कुणी जगून दाखवली?

मला तीन नावं सुचतात. इतरांना वेगळी सुचतील.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. माणूस इंग्लंडचा, पण इथे येऊन मराठी शिकला, इतकी की ख्रिस्ताची कथा ओव्यांत लिहिली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. लोकांनी आपली भाषा शिकावी असं म्हणण्याची ताकद ज्यांच्या हाती होती, त्या पोर्तुगीज राज्यात हा माणूस लोकांची भाषा शिकायला बसला. परक्या भाषेत मोठा माणूस पुन्हा लहान मूल होतो, चुका करतो, लोक हसतात. "शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली" असं योहान लिहितो. मराठी भाषांतरातला तो "वस्ती" शब्द मला फार प्रिय आहे. आमच्याकडे गावाबाहेर, शेतात राहणाऱ्यांच्या घरांना वस्ती म्हणतात.

पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं. त्या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या बायकांमध्ये घालवली. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि भाषा मुद्दाम साधी ठेवली, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळावी म्हणून. छपाईचं काम तिथल्या बायकांनीच केलं. १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत त्या या कामात होत्या. एवढ्या विद्वत्तेनंतर सोपं लिहिणं किती अवघड असतं, हे लिहिणाऱ्यालाच कळेल.

आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा, त्यासाठी घरदार, नातीगोती दुरावली. आमच्या उपासना संगीतात, म्हणजे गीतांच्या पुस्तकात, त्यांची कितीतरी पदं आहेत. भजनाचा, अभंगाचा घाट ख्रिस्ती उपासनेत त्यांनी आणला. पण मला भावतं ते १९१७ साल. मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही आत घेणारा. वय पन्नाशीच्या पुढे, तब्येत खालावलेली. दोन वर्षांत ते गेले.

घरात यंदा माणूस गेलं आहे. नाताळ करावा की नाही?

तुम्हाला झेपेल तेवढा करा. झेपत नसेल तर करू नका. देव रागावणार नाही.

लोक म्हणतात नाताळ आनंदाचा सण आहे, म्हणून दुःखी माणूस त्या दिवशी तोंड लपवतो. पण मत्तयचा दुसरा अध्याय पूर्ण वाचा. मागी परत जातात आणि हेरोदाची माणसं बेथलेहेमात येऊन दोन वर्षांच्या आतली मुलं मारतात. "राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिला सांत्वन नको आहे," असं शास्त्र म्हणतं. हे जन्माच्या गोष्टीच्या आतच आहे. पश्चिमेकडची मंडळी २८ डिसेंबरला त्या निष्पाप बालकांचं स्मरण करते, नाताळनंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी. आणि २०२३ साली गाझातल्या युद्धामुळे खुद्द बेथलेहेमात झाड उजळलं नाही, मिरवणूक निघाली नाही. तिथल्या लुथरन चर्चने बाळ येशूला दगडमातीच्या ढिगाऱ्यात ठेवलं. उपासना मात्र झाली.

आमच्याकडे ज्या घरात मयत झाली तिथे त्या वर्षी तळण नसतं, चांदणी नसते. शेजारपाजारचे फराळ घेऊन जातात. माझे वडील गेले त्या वर्षी २४ तारखेला संध्याकाळी दाराबाहेर एक स्टीलचा डबा होता. करंज्या, शंकरपाळे, वर झाकणाला चिकटलेला कागद: "ताई, आईंना मऊ अनारसे वेगळे ठेवलेत." आईचे दात गेले होते. कुणी ठेवला ते आम्हाला आजवर कळलं नाही. आईने त्यातला एक अनारसा खाल्ला आणि त्या रात्री महिन्यानंतर पहिल्यांदा प्रार्थना केली, मोठ्याने. तुम्ही जर त्या डब्याच्या दुसऱ्या बाजूला असाल, म्हणजे तुमच्या घरी यंदा सगळं ठीक असेल, तर कुणाचं दार आहे ते तुम्हाला माहीत असेलच.

सांता क्लॉज, झाड, चांदणी हे सगळं कितपत ख्रिस्ती?

सांता ज्यांच्यावरून आला ते निकोलस चौथ्या शतकात मायरा इथे बिशप होते, आजच्या तुर्कस्तानात. गरीब बापाच्या तीन मुलींना त्यांनी रात्री गुपचूप सोनं दिलं अशी कथा आहे. गुपचूप हा भाग ठेवला तर सांता चालेल. झाडाचं मला विशेष काही म्हणायचं नाही. चांदणी मात्र घरी करा, बांबूच्या कामट्या आणि जिलेटिनचा कागद आणून. पोरांच्या बोटांना खळ लागू द्या.

गोठ्याच्या देखाव्याची प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी लोकप्रिय केली. त्याने बाहुल्या मांडल्या नव्हत्या. खरा चारा, खरा बैल, खरं गाढव आणि आजूबाजूला खेड्यातली माणसं.

आगमनकाळात घरी काय करता येईल?

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. दर रविवारी एक जास्त मेणबत्ती लावतात. लूकचे पहिले दोन अध्याय रोज थोडे थोडे मोठ्याने वाचा, शक्यतो घरातल्या सगळ्यांत लहान मुलाकडून, अडखळलं तरी चालेल. देखाव्यासाठी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरा. आठ-दहा दिवसांत हिरवळ येते.

आमच्या संडे स्कूलमध्ये आम्ही रिकामी गव्हाण ठेवतो. मुलाने कुणाचं तरी काम न सांगता केलं की कडब्याची एक काडी आत टाकायची, नाव न सांगता. २४ तारखेपर्यंत बाळासाठी बिछाना तयार होतो. एका वर्षी काड्या फार कमी जमल्या. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "त्याला टोचेल." ती घरी गेली आणि स्वतःचा स्वेटर घेऊन आली. तो स्वेटर अजून आमच्या कपाटात आहे, दरवर्षी तोच अंथरतो.

आम्ही ख्रिस्ती नाही. नाताळच्या उपासनेला आलं तर चालेल का?

जरूर या. आमंत्रणाची वाट पाहू नका. बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये २४ तारखेच्या रात्री मिस्सा असते, आमच्याकडे मुख्य उपासना २५ला सकाळी. आधी वेळ विचारून घ्या. दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर काढा, नसतील तर घालून आलात तरी चालतं. सगळे उभे राहिले की उभे राहा, गीताचं पुस्तक शेजारचा माणूस देईल. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस प्रसादासारखा वाटतात असं पाहुण्यांना वाटतं, पण तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठीचा विधी आहे. त्या वेळी आपल्या जागी शांत बसा, त्यात कुणालाही वावगं वाटणार नाही. वर्गणीची थैली फिरेल, तुम्ही त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

उपासनेनंतर लगेच निघू नका. बाहेर मैदानात चहा असतो आणि आमच्या मंडळीतल्या बायका घरून डबे आणतात. शिडी धरणाऱ्या काकू गेली कित्येक वर्षं येतात, येताना तिळाच्या वड्या आणतात आणि लहान मुलांच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतात.